अमरेलीच्या दहा गावांपासून सुरुवात : सयाजीरावांनी शाळेवर खर्च का केला?

वडोदऱ्याच्या गादीवर आलेला बारा वर्षांचा मुलगा शाळेत गेलेलाच नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा गोपाळ. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो तिसरा सयाजीराव झाला. अक्षरओळख राजवाड्यात आल्यावरच झाली. शिक्षणावाचून माणूस कुठे अडतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१८८१ मध्ये कारभार हाती आला. १८९३ मध्ये काठियावाडातल्या अमरेली प्रांतातल्या दहा गावांत त्यांनी सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आधी थोड्या गावांत करून बघायचं, जमलं तर वाढवायचं, असा साधा हिशोब होता.

मग छप्पन्नचा दुष्काळ आला. गुरं गेली, माणसं गेली. १८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. अशा वेळी शाळांचा खर्च आधी कापला जातो. सयाजीरावांनी उलट केलं. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं झालं, मुलींसाठीसुद्धा. शहराला आजव्याच्या तलावाचं पाणी त्याआधीच मिळालं होतं, पुढे गावोगाव वाचनालयं निघाली.

अडचणी होत्याच. मुलगा शाळेत नाही आला तर आई-बापाला दंड. पण ज्याच्या घरात पोरगं गुरं राखतं तेव्हा चूल पेटते, त्याला मोफत शाळाही महाग पडते. अंत्यजांच्या शाळांत शिकवायला सवर्ण मास्तर तयार होत नसत. नुसता कायदा करून गरिबी हटत नाही, हे वडोदऱ्यानेही पाहिलं.

तरी फळं दूरवर गेली. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा वडोदऱ्याचा दाखला समोर होता. इंग्रज सरकारने पैशाची सबब पुढे केली आणि विधेयक पडलं. जे एका संस्थानाला परवडलं, ते साम्राज्याला परवडलं नाही! १९१३ मध्ये वडोदऱ्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव गेले. सीमेच्या अलीकडे असो की पलीकडे, पट कमी म्हणून शाळा बंद करायचा विषय निघाला, की अमरेलीची ती दहा गावं आठवावीत.