शाळेसाठी हात पसरणारा इतिहासकार : हाईम सॅम्युएल केहीमकर

आपल्या खानदेशात जुन्या शिक्षणसंस्थेच्या दारात उभे राहिले, की प्रथम नजरेत भरते ती देणगीदाराच्या नावाची पाटी. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाच्या नावातच दाता आहे. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले ते श्रीमंत प्रताप शेठजींच्या औदार्यावर, आणि तिथले महाविद्यालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पश्चात १९२७ साली त्यांच्या दप्तरांसाठी संशोधन मंदिर निघाले, तेही दात्यांच्या आणि चाहत्यांच्या आधाराने. देणाऱ्याचे नाव असे दगडावर राहते. परंतु त्याच्या दारी जाऊन मागणारा कोणीतरी असावाच लागतो, आणि त्याचे नाव बहुधा पावतीपुस्तकाबरोबर विसरले जाते. अशाच एका मागणाऱ्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. त्याने आपल्या समाजाच्या शाळेसाठी लंडनपर्यंत हात पसरला, आणि मागता मागता त्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा जन्म १८३० साली अलिबागला झाला. आडनाव किहीम गावावरून आलेले. दिवेकर, राजपूरकर, पेणकर यांच्याप्रमाणेच हेही कोकणातल्या गावाचे नाव अंगावर घेऊन वावरणारे घराणे. धर्माने ते ज्यू, म्हणजे बेने इस्राएल समाजाचे. या समाजाची परंपरा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरला तो शनिवारचा विसावा, सुंता, आहाराचे काही नियम आणि एक प्रार्थना. मंडळी गावोगाव घाणा चालवून तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. भाषा मराठी, पेहराव मराठी, स्वयंपाकही कोकणी. इंग्रजी अमलात यांतील पुष्कळ जण कंपनीच्या पलटणीत गेले, काही सरकारी कचेऱ्यांत शिरले आणि मुंबईला या समाजाची मोठी वस्ती झाली.

नोकरी पाहिजे तर शिक्षण पाहिजे, हे मुंबईत लवकर कळले. शाळा कुठे होत्या? मिशनऱ्यांकडे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले. त्यांनी या समाजात विशेष लक्ष घातले आणि १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरणही छापले. आपल्या धर्मभाषेची ओळख बेने इस्राएल मुलांना अशी परधर्मीयांकडून झाली. शिक्षण स्वस्त होते, चांगले होते आणि त्यात धर्मोपदेशही होता. ख्रिस्ती झालेले फार थोडे. पण आपल्या मुलांना आपला धर्म दुसऱ्याने शिकवावा हे जाणत्या माणसांना बोचत असले पाहिजे.

दुसरीकडे मुंबईत श्रीमंत ज्यू नव्हते असे नाही. बगदादकडून आलेल्या ससून आदी घराण्यांनी कापूस आणि अफूच्या व्यापारात अपार धन मिळवले होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला जो भाव आला त्यात आपल्या खानदेशच्या काळ्या जमिनीचाही वाटा होता, आणि तो पैसा मुंबईच्या पेढ्यांत जात होता. परंतु बगदादी ज्यूंना हे मराठी बोलणारे तेली धर्मबंधू बरोबरीचे वाटत नसत. दफनभूमीतही आपला भाग वेगळा असावा, अशी मागणी त्यांच्याकडून १८३६ साली झाली होती. डेव्हिड ससून यांच्या नावाने चाललेल्या ज्यू शाळेचे मुख्याध्यापक मात्र पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर हे बेने इस्राएल गृहस्थच होते. हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे मोठे काम याच राजपूरकरांनी केले.

अशा परिस्थितीत १८५३ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, केहीमकरांनी काही सहकाऱ्यांसह समाजात शिक्षणप्रसार करण्यासाठी एक परोपकारी मंडळी स्थापन केली. मंडळी स्थापन झाली, पण शाळा निघाली ती १८७५ साली. मध्ये बावीस वर्षे गेली. महाविद्यालयात एखादे मंडळ जूनमध्ये काढून दिवाळीपर्यंत विसरून जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा. शाळा निघाली तेव्हा केहीमकर पंचेचाळीस वर्षांचे होते.

शाळा चालवायची तर पैशाचे मार्ग तीन. पहिला समाजाची वर्गणी. समाज कारकून, शिपाई, सुतार आणि तेल्यांचा. वर्गणी थोडी आणि तीही प्रत्येकाच्या पगारावर अवलंबून. दुसरा मार्ग सरकारी अनुदानाचा. अनुदान हा शब्द आज आपल्या अध्यापकवर्गाच्या परिचयाचा आहे; त्याची सुरुवात १८५४ सालच्या वूडच्या खलित्यापासून होते. खाजगी शाळेला सरकारने मदत द्यावी, परंतु व्यवस्था नीट असावी, तपासनीसाला दार मोकळे असावे, लौकिक विषय चांगले शिकवले जावेत आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली जावी, अशा अटी त्यात होत्या. मुंबई इलाख्यात तर पुढे परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याची पद्धत आली. तपासनीस येई, मुलांची परीक्षा घेई आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या प्रमाणात रक्कम मिळे. एखादे वर्ष मुले आजारी पडली की अनुदान घटले. शिवाय हिब्रू आणि धर्मशिक्षण हा तर शाळेचा प्राण, आणि नेमक्या धर्मशिक्षणासाठी सरकार पैसा देणार नव्हते.

म्हणून तिसरा मार्ग शोधावा लागला, तो परदेशातल्या धर्मबांधवांचा. पॅरिसमध्ये १८६० साली आणि लंडनमध्ये १८७१ साली जगभरच्या ज्यूंना साहाय्य करणाऱ्या दोन मोठ्या संस्था निघाल्या होत्या. लंडनची ती अँग्लो-ज्यूइश असोसिएशन. दूरदेशीच्या ज्यू मुलांच्या शाळांना मदत करणे हे तिचे एक मुख्य काम होते. मुंबईच्या इस्राएली शाळेला या संस्थेकडून सालोसाल मदत मिळू लागली. शाळेत इंग्रजी, मराठी आणि हिब्रू शिकवले जाई. म्हणजे एका भाषेवर नोकरी, दुसरीवर घर आणि तिसरीवर धर्म, अशी ती व्यवस्था होती. प्राथमिक शाळा वाढत वाढत हायस्कूल झाली.

परंतु लंडनच्या दात्यापुढे उभे राहायचे म्हणजे काय? वर्गणी देणारा शेजारी आपल्याला ओळखतो. सातासमुद्रापलीकडचा दाता पहिला प्रश्न विचारणार, की तुम्ही कोण? तुम्ही खरेच आमचे का? या प्रश्नाचे उत्तर पावतीपुस्तकात नव्हते, ते इतिहासातच द्यावे लागणार होते. १८९२ साली केहीमकरांनी एक छोटे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच दोन गोष्टी जोडलेल्या आहेत : बेने इस्राएलांच्या इतिहासाची रूपरेषा आणि त्यांच्या शिक्षणासाठी विनंती. आधी आम्ही कोण ते सांगितले, मग काय पाहिजे ते मागितले. आज एखादी संस्था अनुदानासाठी अर्ज करते तेव्हा संस्थेचा परिचय, गरज आणि योजना या क्रमानेच लिहिते. तो क्रम या माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गाठला होता.

हे लिहिता लिहिता त्यांच्या हाती जे साहित्य जमले ते लहान पुस्तकात मावणारे नव्हते. १८९७ च्या सुमारास त्यांनी मोठा इतिहास लिहून पुरा केला. समाजाचे सण, लग्नविधी, आडनावे, पलटणीत मान मिळवलेली माणसे, सारे त्यात आले. आपल्याला त्यातली सणांची नावे वाचून मौज वाटेल. दारफाळणीचा सण, खिरीचा सण, होळीचा सण ही नावे अगदी मराठी, आणि पाळायचे ते ज्यूंचे व्रत. या समाजात हनुक्का हा सण पूर्वी नव्हता. ज्या घटनेवरून तो सुरू झाला तिच्या आधीच आपले पूर्वज मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत, असा तर्क करून केहीमकरांनी त्यांचे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास ठरवले.

येथे त्यांच्या कार्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जो इतिहास मदत मिळवण्यासाठी लिहायला घेतला, तो निखळ राहतो का? आपण खरे ज्यू आहोत हे सिद्ध करणे ही त्यांची गरज होती, आणि गरजेने पुरावा निवडला जातो. सणांवरून काढलेला काळ पुढच्या अभ्यासकांनी जसाच्या तसा मान्य केलेला नाही. समाजातील गोरे आणि काळे इस्राएल या भेदाची नोंद त्यांच्या ग्रंथात आहे, ती आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकशास्त्रीय संशोधनात या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा दिसून आला. केहीमकरांना यातला पहिला अर्धा भाग आवडला असता, दुसऱ्याने ते कदाचित विचारात पडले असते. तरीही एक गोष्ट मान्य करावीच लागते. त्यांनी विनंतीपुरते लिहून लेखणी खाली ठेवली नाही. मागण्यासाठी लागले असते त्याच्या कितीतरी पट अधिक टिपून ठेवले. त्यांचे तर्क बाजूला केले तरी नोंदी उरतात, आणि आज अभ्यासक येतो तो या नोंदींपाशीच.

हा मोठा ग्रंथ छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वारले. शाळेसाठी त्यांनी मदत मिळवली होती, पण त्यांचा स्वतःचा ग्रंथ हस्तलिखितातच राहिला होता. १९३६ साली हिंदुस्थानात आलेले विद्वान इमॅन्युएल ओल्सवँगर यांनी पुढे त्याचे संपादन केले आणि १९३७ साली तो तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

शाळेलाही पुढे मोठा दाता भेटला. बगदादमध्ये जन्मलेले आणि हाँगकाँग व शांघाय येथे संपत्ती मिळवलेले सर एली कदूरी यांचे नाव तिला मिळाले. म्हणजे पुन्हा तेच झाले : पाटीवर दात्याचे नाव आले आणि मागणाऱ्याचे पुस्तकात राहिले. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथे १९६२ साली त्यांच्या विवाहांच्या बाबतीत धर्मपीठाने पुन्हा तोच जुना प्रश्न काढला, की हे खरे ज्यू का? समाजाने निदर्शने केली आणि १९६४ साली त्यांना सर्व बाबतीत बरोबरीचे स्थान असल्याचे जाहीर झाले. केहीमकरांनी ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यात आयुष्य वेचले, तो त्यांच्यामागे अर्धशतकाने पुन्हा उभा राहिला होता. आज भारतात सारे मिळून ज्यू चार-पाच हजारांच्या आसपास आहेत. माझगावची ती शाळा चालू आहे, मात्र तिथे शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमान आणि इतर समाजांची आहेत. एका लहान समाजाने स्वतःसाठी मागितलेल्या पैशातून शेजाऱ्यांची मुले शिकत आहेत.

आपल्याकडे वर्गणी मागायला निघालेल्या माणसाला पाहून दार लोटून घेण्याची रीत आहे, आणि मागणाऱ्यालाही संकोच वाटतो. केहीमकरांचे चरित्र वाचल्यावर वाटते, की संकोच मागण्याचा नसावा. आपण कोण, आपल्याला काय हवे आणि का हवे, हे नीट सांगता न येण्याचा असावा. आपल्या गावचे वाचनालय, तालीम, वसतिगृह कोणी मागून उभे केले, त्या माणसांची नावे अजून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत. येत्या सुट्टीत गावी गेल्यावर ती विचारून वहीत टिपून ठेवावीत.