डॉ. रुस्तम जाल वकील : सर्पगंधेच्या मुळीने उघडलेले मेंदूचे दार

घरातला तरुण मुलगा एकाएकी गप्प होतो. रात्ररात्र जागतो, जेवण टाकतो, कुणीतरी आपल्या मागावर आहे असे म्हणू लागतो. अवसरी बुद्रुक असो, मंचर असो की मुंबईतली एखादी वस्ती, अशा वेळी आजही अनेक घरांची पहिली धाव देवऋषाकडे असते. बाहेरची बाधा, करणी, अंगात येणे ही नावे आपल्या तोंडात तयार असतात. डॉक्टर आठवतो तो पैसा आणि वेळ दोन्ही गेल्यावर. म्हणूनच आम्ही आज एका मुंबईकर डॉक्टरांची ओळख करून देत आहोत. ते हृदयरोगतज्ज्ञ होते. मेंदूचा शोध घ्यायला ते निघाले नव्हते, तरीही त्यांच्या कामातून पुढे मेंदूच्या रसायनांचे मोठे कोडे उलगडायला मदत झाली.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि हृदयरोगाच्या उपचारांत गुंतले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळपास नव्हतेच. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढेच बहुतेक रुग्णांच्या वाट्याला यायचे. पुढचे काम पक्षाघात किंवा हृदयविकार करायचा.

आपल्याकडे मात्र सर्पगंधा नावाची वनस्पती लोकांना शतकानुशतके माहीत होती. साप चावला, झोप उडाली, वेडाचे झटके आले की तिची मुळी दिली जायची. बिहारकडे तर ती वेडावरचे औषध म्हणूनच ओळखली जायची. हे ज्ञान जपणाऱ्या वैदू, सुईणी आणि जंगलातल्या माणसांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. 1931 साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातली काही रसायने वेगळी काढली. पण देशाबाहेर फारसे कुणी लक्ष दिले नाही.

डॉ. वकील यांचे मोठेपण इथे दिसते. आजीबाईचा बटवा म्हणून त्यांनी ती मुळी हसण्यावारी नेली नाही, आणि पूर्वजांचे आहे म्हणून डोळे झाकून मानलीही नाही. त्यांनी ती तपासली. रक्तदाबाच्या 50 रुग्णांना मुळीचे औषध दिले, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या. 1949 साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. बहुतेक रुग्णांचा रक्तदाब उतरला होता. कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही बुद्धांची शिकवण आपण सभांमधून ऐकतो. दवाखान्यात ती कशी दिसते, याचे हे उदाहरण आहे.

निबंध वाचून अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिले. रुग्णांचा रक्तदाब तर उतरलाच, शिवाय ते शांतही झाले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव रेसर्पिन. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाईन यांनी मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर ते वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. अनेक रुग्णांची खळबळ कमी झाली होती.

मुळीतल्या एका द्रव्याने माणसाचे वागणे कसे बदलले?

आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये अगदी बारीक फट असते. निरोप पलीकडे पोचवायला पेशी रसायने सोडते. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन ही त्यांतली काही. पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत ती भरून ठेवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचे काम बंद पाडते. बाहेर राहिलेली रसायने पेशीतच नष्ट होतात आणि निरोप थांबतात. रक्तवाहिन्या आवळणारे निरोप थांबले की रक्तदाब उतरतो; मेंदूतले निरोप कमी झाले की खळबळ ओसरते.

1957 साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग शरीरात ज्यापासून डोपामिन तयार होते ते एल-डोपा त्यांना दिले, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. यातूनच कंपवातावरच्या उपचाराची वाट सापडली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळाले.

डॉ. वकील यांना 1957 सालीच अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, तोही क्लाईन आणि मनोविकारांवरच्या नव्या औषधांच्या इतर संशोधकांबरोबर. 1958 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. डॉ. गोलवाला यांच्यासोबत लिहिलेल्या त्यांच्या रोगनिदानाच्या पुस्तकावर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. 1974 साली त्यांचे निधन झाले.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्हीच विज्ञानाशी बेइमानी करू. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल खिन्नतेत गेले, तशा नोंदी डॉक्टरांनी केल्या. त्यावरून मेंदूतली ही रसायने घटली की नैराश्य येते, असा विचार पुढे आला. पुढच्या संशोधनाने दाखवले की गणित इतके सरळ नाही. बेकारी, अपमान, जातीचा छळ, घरातली मारहाण, झोपेची आबाळ हेही मेंदूवर परिणाम करतात, आणि मेंदूतला बदल पुन्हा वागण्यात उतरतो. कोणतीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही, अनेक कारणे एकमेकांवर उभी असतात, हा विचार प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्यांना नवा वाटू नये.

म्हणून दोन्ही टोके टाळली पाहिजेत. मनोविकार म्हणजे भूतबाधा नव्हे, तशीच ती कमजोर मनाची खोडही नव्हे. मधुमेहासारखाच तो आजार आहे, त्याला उपचार आहेत. दुसरीकडे, सगळे रसायनांवर ढकलून माणसाची जबाबदारी झटकताही येत नाही. दारू डोपामिनच्या याच यंत्रणेला हाताशी धरते आणि सवय लावते. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातही तेच शील आहे. मात्र व्यसनात अडकलेल्या भावाला केवळ शील मोडले म्हणून हिणवून तो सुटत नाही. त्याला डॉक्टर आणि सोबत, दोन्ही लागतात.

एक इशाराही द्यायला हवा. हे वाचून कुणी सर्पगंधेची मुळी शोधायला जाऊ नये. तिची मात्रा चुकली तर जिवावर बेतते, आणि रेसर्पिन आता क्वचितच वापरले जाते. त्याहून सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत.

तरुण कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. पुढच्या जयंतीला डीजेच्या खर्चातून थोडे पैसे वाचवा आणि विहारात मानसिक आरोग्यावर एका डॉक्टरचे बोलणे ठेवा. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक विहाराच्या भिंतीवर ठळक लिहा. वस्तीत कुणी अनेक दिवस गप्प असेल तर विचारपूस करा, दवाखान्यात सोबत जा, सुरू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू देऊ नका. डॉ. वकिलांनी मुळी पारखली, मोजली आणि मगच मानली. आपणही देवऋषाच्या दाराकडे वळणारी पावले आधी दवाखान्याकडे वळवू या.