परसातली ऑस्टिन

वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी चरित्रलेख लिहायचे ठरले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी कवी, संत नाहीतर समाजसुधारक निवडले. मी ब्रूस मॅकलॅरनचं नाव सांगितलं, तर सगळ्यांना वाटलं की मी त्या महागड्या गाड्यांच्या कंपनीवर लिहिणार. तसं नाही. ज्याचं नाव त्या कंपनीला आहे तो माणूस १९७० सालीच गेला. वय अवघं ३२. आणि मला त्याच्या शर्यतींपेक्षा जास्त लिहायचंय ते एका जुन्या, चिमुकल्या स्पोर्ट्स गाडीबद्दल. ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरच्या घरी उभी केली होती.

याचं कारण आमच्या घरामागे आहे. आमच्या बेळगावच्या घराच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली आजोबांची फियाट उभी आहे. आजोबा गेल्यापासून ती हललेली नव्हती. मागच्या सुट्टीत पपांनी ती विकायचं ठरवलं. पण विकण्याआधी एकदा चालू करून तरी बघू, असं त्यांना वाटलं, आणि मी त्यांच्या हाताखाली लागले. दिवसभर हात काळे करायचे आणि रात्री जुन्या गाड्या लोक घरी कशा दुरुस्त करतात ते वाचत बसायचं, असं चाललं होतं. त्या वाचनात ब्रूस भेटला.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातला. वडील लेस आणि आई रूथ यांचा रेम्युएरा भागात पेट्रोल पंप होता आणि त्यालाच लागून गॅरेज. लेस स्वतः मोटरसायकलच्या शर्यतींत उतरलेले. म्हणजे ग्रीस, पाने, सुटं इंजिन हे सगळं या मुलाच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासूनच होतं.

नऊ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या खुब्यात दुखणं निघालं. पर्थेस नावाचा तो आजार. मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक खुब्याच्या खोबणीत फिरत असतं. त्याचा रक्तपुरवठा तुटला की ते हाड हळूहळू खचत जातं. त्या काळी उपाय एकच, पायावर भारच पडू द्यायचा नाही. ब्रूसला टाकापूना इथल्या विल्सन होम या मुलांच्या उपचारगृहात ठेवलं. पळायच्या, झाडावर चढायच्या वयातली जवळजवळ दोन वर्षं त्याने पडून काढली. आजार सरला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला आणि चालताना तो जन्मभर लंगडत राहिला. ज्या देशात मुलगे रग्बी खेळत मोठे होतात तिथे असा खुबा घेऊन तो घरी परतला. त्याला मैदान नव्हतं. गॅरेज मात्र होतं.

आता त्या गाडीकडे येते. १९५२ च्या सुमारास लेसनी एक ऑस्टिन सेव्हन विकत घेतली. १९२९ ची, अल्स्टर जातीची. ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडमधली सामान्य घरांची छोटी गाडी. १९२२ मध्ये ती आली आणि ज्यांना गाडी परवडेल असं कधी वाटलं नव्हतं अशांच्या दारात उभी राहिली. अल्स्टर हे तिचं स्पोर्ट्स रूप. दोन माणसांपुरती, उघडी, वजनाला हलकी. इंजिन फक्त ७४७ सीसीचं. आपल्याकडच्या पहिल्या मारुतीचं इंजिनसुद्धा यापेक्षा थोडं मोठं होतं! लेसच्या हाती ती आली तेव्हा सुट्या भागांत होती. दुरुस्त करायची आणि विकून चार पैसे कमवायचे, एवढाच त्यांचा हिशेब. पण मुलगा त्या गाडीत असा गुंतला की विकायची गोष्ट मागे पडली.

या गाडीचा एक मोठा गुण म्हणजे तिच्यात लपवलेलं काही नसे. इंजिनचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला असत. त्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ नुसतं झाकण. नट सोडले की ते उचलून बाजूला ठेवता येई. मग पिस्टनवरचा कार्बन खरवडा, व्हॉल्व्ह घासून नीट बसवा, सगळं घरच्या टेबलावर. ब्रेक तारांवर चालत. तार सैल पडली की गाडी थांबायचा कंटाळा करायची, आणि एका चाकाची तार जास्त ओढली गेली तर गाडी त्या बाजूला खेचायची. गाडीने केलेल्या प्रत्येक चाळ्याचं कारण हाताने शोधता येत होतं. पुस्तकात वाचून हे कळत नाही असं नाही, पण काळ्या झालेल्या बोटांना ते लवकर कळतं, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

बाप-लेकाने गाडी जुळवली. गाडी चालवायचा सराव ब्रूसने घराच्या परसातच केला. फळझाडांच्या मधून, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वाटेवर तो गोल गोल फिरत राहायचा. एवढ्याशा जागेत वेग कुठला मिळणार? पण स्टिअरिंग किती फिरवलं की मागची चाकं कधी घसरतात, हे मात्र पक्कं कळायचं. आणि चालवणारा व दुरुस्त करणारा एकच असल्यामुळे, काही खटकलं की उतरून लगेच पाना हातात घ्यायचा. पुढे ऑकलंडच्या पश्चिमेला मुरिवाई इथे चढणीच्या स्पर्धेत त्याने ही गाडी उतरवली. चढणीच्या स्पर्धेत शेजारी कोणी नसतो. एकेकाने घाटातला रस्ता चढून जायचा आणि घड्याळाशी शर्यत लावायची. तेव्हा ब्रूस असेल चौदा-पंधरा वर्षांचा.

दुरुस्ती आणि सुधारणा यांतला फरक मला इथे कळला. दुरुस्ती म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली होती तशी परत करणं. सुधारणा म्हणजे ती तशीच का केली होती, असं विचारणं. आणि हा प्रश्न विचारला की तो एका जागी थांबत नाही. इंजिनची ताकद वाढवली तर ब्रेक अपुरे पडतात. ब्रेक सुधारले तर पुढच्या चाकांवर जोर येतो. वजन कमी करावं तर सांगाडा लवचिक होतो. एक ठिकाण मजबूत केलं की दुसरं सगळ्यात कमकुवत ठरतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायची, मगच दुसरी. ब्रूस पुढे अभियांत्रिकी शिकायला गेला, पण ही पहिली शाळा त्या अल्स्टरमध्येच झाली होती.

पुढची प्रगती भराभर झाली. ऑस्टिन-हिली, मग कूपर अशा गाड्या तो चालवू लागला. ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबहमशी ओळख झाली. होतकरू चालकाला युरोपात पाठवण्याची एक योजना न्यूझीलंडमध्ये सुरू झाली आणि १९५८ मध्ये तिचा पहिला मान ब्रूसला मिळाला. दुसऱ्याच वर्षी, १२ डिसेंबर १९५९ ला, अमेरिकेत सेब्रिंगला त्याने ग्रां प्री जिंकली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. इतक्या लहान वयात ग्रां प्री जिंकण्याचा त्याचा विक्रम २००३ पर्यंत टिकला. १९६२ मध्ये मोनॅको झाली, १९६६ मध्ये क्रिस एमनबरोबर फोर्डच्या गाडीतून ल माँची २४ तासांची शर्यत. लंगडणारा पाय डावा, म्हणजे नेमका क्लच दाबायचा. तरीही हे सगळं.

पण मला भावतो तो त्याच्या आयुष्यातला दुसरा धागा. १९६३ मध्ये त्याने स्वतःचा संघ काढला. इंग्लंडमध्ये न्यू मॉल्डनला त्यांना जागा मिळाली ती म्हणजे मातीच्या जमिनीची एक शेड, तीही रस्ते सपाट करायच्या यंत्राबरोबर वाटून घेतलेली. परसातल्या गॅरेजहून फार निराळी नव्हेच. मोजकी माणसं, त्यातली काही त्याच्याच देशातली. मालक स्वतः गाडी आखायचा, स्वतः चालवायचा आणि परत आला की काय खटकलं ते मेकॅनिकला नेमकं सांगायचा. त्याची एक गोष्ट सांगितली जाते. एका चाचणीत गाडीच्या पुढच्या भागावरचं एक छोटं झाकण वेगात फडफडू लागलं. दुसरा असता तर झाकण घट्ट करून मोकळा झाला असता. ब्रूसला प्रश्न पडला की वाऱ्याने ते खाली दाबलं जायला हवं, मग वर का उचललं जातंय? म्हणजे आतली हवा कोंडून वर जोर करतेय. त्याने पत्रा कापायची कात्री मागवली आणि रेडिएटरच्या मागे, गाडीच्या नाकावरच हवेला बाहेर पडायला भोकं पाडली. गाडी सुधारली.

१९६८ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथे तो स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकला. पुढची गाडी शेवटी पेट्रोलसाठी थांबली होती आणि आपण पहिले आलो हे ब्रूसला आधी कळलंच नाही. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम शर्यतींत तर त्यांचा दबदबा असा, की १९६९ च्या अकराच्या अकरा शर्यती त्याच्या संघाने जिंकल्या.

आणि मग २ जून १९७०. इंग्लंडमधलं गुडवुड. शर्यत नव्हती, गर्दी नव्हती. येणाऱ्या मोसमासाठी केलेल्या नव्या गाडीची चाचणी चालू होती आणि ती ब्रूस स्वतःच करत होता. सरळ रस्त्यावर, भरवेगात, गाडीच्या मागच्या भागाचं आवरण सुटून उचललं गेलं. ते आवरणच गाडीला जमिनीवर दाबून धरत होतं. गाडी गरगरत बाजूच्या चौकीवर आदळली. ब्रूस तिथेच गेला. मागे पत्नी पॅटी आणि लहानगी मुलगी अमांडा.

हे वाचून मी त्या रात्री पुस्तकं मिटून ठेवली. ज्या सवयीने त्याला घडवलं त्याच सवयीने त्याला त्या दिवशी त्या सीटवर बसवलं होतं. आपण केलेली गाडी आपणच आधी चालवायची, ही ती सवय. परसातल्या ऑस्टिनमध्ये चुकीचा दंड फार तर एखाद्या झाडाला धडक. गुडवुडला तो दंड जिवाचा होता. मग ही सवय चांगली म्हणायची की वाईट? खूप विचार करूनही मला याचं एका ओळीचं उत्तर देता येत नाही. एवढं मात्र दिसतं की त्याने आपल्या कामाची जोखीम दुसऱ्याच्या अंगावर टाकली नाही.

संघ बंद पडेल असं अनेकांना वाटलं असेल. पण १४ जूनला, म्हणजे दोन आठवडेही झाले नसताना, ते लोक कॅनडात मोसपोर्टला शर्यतीला उभे होते. डेनी हल्म हात भाजलेले असताना गाडीत बसला, आणि ब्रूसच्या जागी आलेल्या डॅन गर्नीने ती शर्यत जिंकली. आज इंग्लंडमध्ये वोकिंगला कंपनीचं मोठं, काचेचं मुख्यालय आहे. तिथे जिंकलेल्या गाड्या ओळीने मांडल्या आहेत. त्यांच्यात ती छोटी ऑस्टिनही आहे, १९२९ ची.

आता आमच्या फियाटचं सांगून संपवते. तिसऱ्या आठवड्यात ती चालू झाली. शेजारी जमले, ममीने सगळ्यांना चहा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपासून फाटकापर्यंत ऑइलची काळी रेघ उमटलेली. ऑइल बदलल्यावर खालचा प्लग मी हातानेच फिरवून ठेवला होता, पान्याने आवळायला विसरले. नशीब, गाडी रस्त्यावर गेली नव्हती. पपा रागावले नाहीत. त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि फरशी पुसायला लागले. मी गाडीखाली शिरले.

विकायचं अजून पक्कं झालेलं नाही. एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलं. पपांनी किंमत मुद्दाम जास्त सांगितली असा मला दाट संशय आहे. रविवारी मिस्साहून आलो की आम्ही तिला एक फेरी मारून आणतो. निघण्याआधी मी खाली वाकून प्लगला हात लावून बघते. दर वेळी.