जॉन टेलर : तिसऱ्या पाळीचा धांवपटू

सन १९०८ मध्यें लंडन शहरीं ऑलिंपिक सामने झाले. त्यांत अमेरिकेच्या जॉन बॅक्स्टर टेलर ह्या तरुणास सुवर्णपदक मिळालें. ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविणारा तो पहिलाच कृष्णवर्णीय अमेरिकन होय. ह्या यशानंतर तो पुरते पांच महिनेही जगला नाहीं. तथापि त्याचें अल्प चरित्र मनन करण्याजोगें आहे.

जॉनचा जन्म सन १८८२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ३ ऱ्या तारखेस वॉशिंग्टन शहरीं झाला. अमेरिकेंतील गुलामगिरी सन १८६५ मध्यें कायद्यानें बंद झाली. त्याच्या आईबापांनीं ती स्वतः भोगली होती. पुढें हें कुटुंब फिलाडेल्फिया येथें राहावयास गेलें. तेथें हायस्कुलाचा अभ्यास संपवून जॉन पेन्सिल्व्हेनिया विश्वविद्यालयांत दाखल झाला. आरंभीं त्यानें व्यापारविषयक शिक्षण घेतलें, परंतु नंतर तो पशुवैद्यकाकडे वळला व सन १९०८ मध्यें त्या शास्त्राचा पदवीधर झाला. ज्यांची गणना एके काळीं धन्याच्या मालमत्तेंत होत असे, त्यांचा मुलगा वैद्य झाला, ही गोष्ट कोणत्याही पदकाहून लहान नव्हे.

धांवण्यांत ४४० यार्डांची शर्यत ही त्याची खास शर्यत होती. हें अंतर मोठें कठीण असतें. आरंभींच सर्व जोर खर्च केला तर शेवटीं पाय जड होतात. जोर राखून ठेवावा तर दुसरे पुढें निघून जातात. जॉन लांब लांब ढांगा टाकीत धांवे. सन १९०४, १९०७ व १९०८ ह्या तीन वर्षीं तो अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या सामन्यांत ह्या शर्यतींत पहिला आला. सन १९०७ मध्यें तर त्यानें हें अंतर ४८.८ सेकंदांत कापलें.

लंडन येथें मात्र त्याच्या वाट्यास प्रथम निराशा आली. जुलैच्या २३ व्या तारखेस ४०० मीटरांची अंतिम शर्यत झाली. तींत तीन अमेरिकन व हॅल्सवेल नांवाचा एक ब्रिटिश धांवपटू होता. कार्पेंटर ह्या अमेरिकन गड्यानें हॅल्सवेल ह्यास अडविलें, असें ठरवून ब्रिटिश पंचांनीं शर्यत रद्द केली, कार्पेंटर ह्यास बाद केलें व बाकीच्यांस पुन्हां धांवण्यास सांगितलें. हा निकाल अमेरिकन संघास अन्यायाचा वाटला. टेलर व त्याचा सोबती रॉबिन्स ह्यांनीं पुन्हां धांवण्याचें नाकारलें आणि हॅल्सवेल एकटाच धांवून विजयी झाला. स्वतःच्या नांवावर पदक मिळविण्याची टेलरची संधि अशी गेली.

त्याच २५ व्या तारखेस चौघांच्या सांघिक शर्यतीची अंतिम फेरी होती. हींत पहिल्या दोघांनीं दोनदोनशें मीटर, तिसऱ्यानें ४०० व चौथ्यानें ८०० मीटर धांवावयाचें असे. अमेरिकेकडून हॅमिल्टन, कार्टमेल, टेलर व शेपर्ड अनुक्रमें धांवले. टेलर ह्यानें मिळालेली आघाडी राखिली, इतकेंच नव्हे तर ती वाढवून शेपर्ड ह्याच्या स्वाधीन केली. ३ मिनिटें २९.४ सेकंदांत अमेरिकेचा संघ पहिला आला. जर्मनी दुसरी व हंगेरी तिसरी आली.

घरीं परतल्यावर थोड्याच महिन्यांत जॉनला विषमज्वरानें गांठलें. ह्या रोगावर खरें गुणकारी औषध सन १९४८ मध्यें निघालें. तेव्हां तें कोठून मिळणार? सन १९०८ च्या डिसेंबरच्या २ ऱ्या तारखेस, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षीं, तो मरण पावला. त्याच्याबरोबर लंडनला गेलेला उंच उडीचा विजेता हॅरी पोर्टर ह्यानें त्याच्या आईबापांस सांत्वनपर पत्र लिहिलें. त्यांत त्यानें जॉनच्या वेगापेक्षां त्याच्या निगर्वी व प्रेमळ स्वभावाचीच थोरवी अधिक गाइली.

वाचकहो, तिसऱ्या पाळीचा गडी शर्यतीचा आरंभ करीत नाहीं आणि शेवटची फीतही तोडीत नाहीं. दुसऱ्यानें आणून दिलेलें घ्यावें, त्यांत आपल्या श्रमानें भर घालावी व तें पुढच्याच्या हातीं द्यावें, एवढेंच त्याचें काम. टेलरच्या आईबापांनीं गुलामगिरींतून बाहेर पडून मुलाला शाळेपर्यंत पोहोंचविलें. मुलानें तेथून पुढचें अंतर कापलें. आपल्यापैकीं पुष्कळांची पाळी अशीच मधली असते. ती नीट धांवणें हेंही थोडें नव्हे.