बंदिशींना नाव नव्हतं, मुंबईच्या एका वकिलानं त्यांना पत्ता दिला

मोझार्टची एखादी रचना नेटवर शोधून बघा. नावाच्या पुढे 'के' हे अक्षर आणि एक आकडा दिसतो. हा आकडा मोझार्टनं दिलेला नाही. लुडविग कोशेल नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं १८६२ मध्ये मोझार्टच्या सहाशेहून जास्त रचनांची यादी केली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. आज विश्वकोशात लेख लिहिणारे आणि रेकॉर्ड काढणारे, सगळे तोच आकडा वापरतात. कोशेल शिकले होते कायदा.

आता आपल्याकडची गोष्ट. ख्यालाच्या बंदिशीला ना नाव असतं ना क्रमांक. गायक फक्त राग आणि ताल सांगतात आणि थेट गायला लागतात. मग हजारो बंदिशींमधली नेमकी एक शोधायची कशी?

हा प्रश्न सोडवायला ज्यांनी अख्खं आयुष्य घातलं, तेही वकीलच होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे.

जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईतल्या वाळकेश्वरचा. घरची परिस्थिती मध्यमवर्गीय. गाण्याचा नाद लहानपणापासून होता, पण गाणं हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो असं त्या काळी कुठल्याच सुशिक्षित घरात कुणी मानत नव्हतं. त्यामुळे १८८५ मध्ये बी.ए., १८८७ मध्ये एलएल.बी. आणि मग वकिली. काही काळ कराचीतही त्यांनी वकिली केली.

कॉलेजात असतानाच ते सतार शिकले. १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. ही मुंबईतल्या पारशी रसिकांनी चालवलेली संस्था. इथे त्यांना रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदं मिळाली, अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल मिळाले. ऐकलेली प्रत्येक चीज लिहून ठेवायची सवय इथेच लागली.

पण लिहिताना गडबड लक्षात येऊ लागली. एकाच रागाचे स्वर दोन उस्ताद वेगवेगळे सांगायचे. एकच नाव दोन निराळ्या रागांना असायचं. जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत, तर त्यातले राग आणि प्रत्यक्ष गायले जाणारे राग जुळायचे नाहीत.

अशातच १९०० मध्ये पत्नी गेली. तीन वर्षांनी एकुलती एक मुलगीही गेली. घरात मागे कुणीच उरलं नाही. वकिली मागे पडत गेली आणि पुढे सुटलीच. भातखंडेंनी वह्या घेतल्या आणि प्रवासाला निघाले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली. सतराव्या शतकातल्या व्यंकटमखींनी सगळे राग ७२ मेळांत कसे बसवले होते, ते त्यांनी तिथे समजून घेतलं. नावांचा घोळ किती मोठा आहे, याचा उलगडाही दक्षिणेत झाला. आपण ज्याला भैरवी म्हणतो, त्या स्वरांना तिकडे तोडी म्हणतात. आपली तोडी मात्र तिकडे वेगळ्याच नावानं ओळखली जाते.

मग नागपूर, कलकत्ता, हैदराबाद, अलाहाबाद, बनारस अशी भ्रमंती झाली. जिथे गवई तिथे भातखंडे. पण बंदिश म्हणजे घराण्याची ठेव. ती सहसा मुलाला किंवा गंडाबंध शागिर्दालाच मिळायची. वारस नसला की चीज उस्तादाबरोबरच संपायची. तरीही जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूरचे वझीर खाँ अशांकडून त्यांनी ही विद्या मिळवली.

एवढ्या ऐवजाची मांडणी त्यांनी अशी केली. सगळ्यात वर दहा थाट : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. थाटाच्या पोटात राग. रागाखाली ताल आणि लय. शेवटी बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द. राज्य, जिल्हा, गल्ली, घर क्रमांक, तसाच हा पत्ता.

सोबत सोपी स्वरलिपी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांत अशा दीड हजारांहून जास्त बंदिशी छापल्या गेल्या. ज्याला कुणी उस्ताद दारात उभं करणार नाही, असा मुलगा किंवा मुलगीही आता पुस्तक उघडून चीज बसवू शकत होती.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती भातखंडेंच्याच पुढाकारानं. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय आणि लखनौला १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तिथे पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर प्राचार्य झाले.

टीकाही झाली, आणि ती पोकळ नव्हती. ललतमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, त्याला मारवा थाटात कोंबावं लागतं. मधुवंतीचे स्वर दहापैकी एकाही थाटात नीट बसत नाहीत. मींड, आंदोलन, श्रुतीचा बारकावा कागदावर उतरत नाही. उस्तादांना शास्त्र कळत नाही हा त्यांचा सूर अनेकांना खटकला, कारण त्यांच्या पुस्तकातला माल त्याच उस्तादांच्या गळ्यातून आला होता.

तरी पर्याय म्हणून मांडलेल्या इतर वर्गीकरणांना दहा थाटांची जागा घेता आलेली नाही. संगीताच्या परीक्षेचा फॉर्म भरणारं कुठलंही पोर आजही आधी थाट पाठ करतं.

एवढ्या रचनांना पत्ता देणाऱ्या या माणसानं आपल्या ग्रंथांवर मात्र स्वतःचं नाव घातलं नाही. संस्कृत 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' निघालं चतुर पंडित या नावानं. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार मराठी भाग आले विष्णु शर्मा या नावानं.

१९३३ मध्ये पक्षाघात झाला, मांडीचं हाड मोडलं आणि ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. १९६१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. लखनौचं ते मॅरिस कॉलेज आज विद्यापीठ आहे आणि त्याला नाव आहे भातखंडेंचं.

पुढच्या वेळी यूट्यूबवर एखादा ख्याल ऐकाल तेव्हा व्हिडिओचं शीर्षक नीट वाचा. राग, ताल आणि पहिले दोन शब्द. गवयांच्या या बोलीभाषेतल्या ओळखीला छापील शिस्त लावली ती भातखंडेंनी.