गिरणीतला चार रंगांचा ठोकळा

कर्मचाऱ्यांच्या कामाला श्रेणी देण्याची प्रथा आजच्या कंपन्यांनी शोधून काढली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील एका सूतगिरणीत ती रोज पाळली जात होती. आणि ती सुरू करणारे गिरणीचालक रॉबर्ट ओवेन पुढे समाजवादाचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखले गेले.

ओवेन यांचा जन्म १४ मे १७७१ रोजी वेल्समधील न्यूटाउन येथे झाला. लहानपणीच शाळा सुटली, कापडाच्या दुकानात उमेदवारी झाली आणि ऐन तारुण्यात मँचेस्टरच्या एका गिरणीचे व्यवस्थापन हाती आले. सासरे डेव्हिड डेल यांच्याकडून भागीदारांसह विकत घेतलेल्या न्यू लॅनार्कच्या गिरण्यांची सूत्रे त्यांनी १८०० साली स्वीकारली. तेथे चोरी, दारू आणि कामचुकारपणा बोकाळला होता.

माणसाचे चारित्र्य परिस्थिती घडवते, अशी ओवेन यांची ठाम श्रद्धा होती. साहजिकच शिक्षा करणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी प्रत्येक कामगाराजवळ एक छोटा, चार बाजूंचा लाकडी ठोकळा टांगला. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असेल तर काळी बाजू समोर, बेताचे असेल तर निळी, चांगले असेल तर पिवळी आणि उत्कृष्ट असेल तर पांढरी. ओवेन फेरी मारताना आधी रंगाकडे, मग माणसाकडे पाहत आणि काही न बोलता पुढे जात. रंगाची नोंद वहीत होई. ती अन्यायाची वाटल्यास थेट ओवेन यांच्याकडे दाद मागता येई. पर्यवेक्षकांनाही ठोकळे होते. आजच्या कित्येक कचेऱ्यांत एवढी सोय नसते!

काळे रंग हळूहळू मावळले आणि पिवळे-पांढरे वाढले, असे ओवेन यांनी १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. मात्र ही साक्ष मालकाची आहे. कामगारांचा विश्वास खऱ्या अर्थाने मिळाला तो वेगळ्याच कारणाने, हेही त्यांनीच सांगितले आहे. अमेरिकेने कापसाची निर्यात रोखल्यामुळे गिरण्या चार महिने बंद पडल्या, तेव्हा त्यांनी सर्वांना पूर्ण वेतन दिले होते. शिवाय परिस्थितीच माणूस घडवत असेल, तर काळा रंग कामगाराचा की गिरणीचा, ही शंका उरतेच. मालकाच्या वर्तनाचा रंग दाखवणारा ठोकळा काही कुठे टांगलेला नव्हता.

१८२५ साली अमेरिकेत त्यांनी वसवलेली न्यू हार्मनी ही समतेची वसाहत दोन-तीन वर्षांतच मोडली. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी न्यूटाउन येथेच त्यांचे निधन झाले. न्यू लॅनार्कला २००१ साली जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.