एकाच स्फटिकाचा ध्यास : पर्सी ब्रिजमन

मी आंबेगाव तालुक्यातला. जुन्नरचा विघ्नहर काय नि आमचा भीमाशंकर काय, साखर कारखान्यात पॅनमध्ये नको तेव्हा नवा बारीक दाणा धरला की माल बिघडतो. धातूचंही तसंच! म्हणून मला पर्सी ब्रिजमन हा माणूस जवळचा वाटतो.

जन्म 1882, अमेरिकेतल्या केंब्रिजचा. शिक्षण, नोकरी हार्वर्डलाच. उपकरणं बरीचशी स्वतःच बनवायचे. प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात, यावरच्या कामाला 1946 चं नोबेल मिळालं. प्रयोगांसाठी त्यांना धातूचा अखंड एकच स्फटिक हवा होता. 1925 मध्ये त्यांनी साधी युक्ती मांडली : वितळलेला धातू भट्टीतून हळूहळू खाली थंड भागात उतरवायचा. टोकाला धरलेला स्फटिकच वर वाढत जातो.

1961 मध्ये ते वारले. पुढे याच तत्त्वावर जेट इंजिनांसाठी निकेल सुपरअलॉयची ब्लेड्स ओतली जाऊ लागली. त्यांत ग्रेन बाउंडरीच नाही, म्हणून तापल्यावरही क्रीप कमी. मात्र उतरवण्याचा वेग किंवा तापमानातला फरक चुकला, की मध्येच दुसरा ग्रेन उगवतो आणि ब्लेड भंगारात!

हैदराबादच्या डीएमआरएलने अशी 60 ब्लेड्स हेलिकॉप्टर इंजिनासाठी एचएएलला दिल्याचं 2021 मध्ये जाहीर झालं. पुढची भट्टी आपल्यापैकी कुणी चालवेल का?